आईचं नाव न सांगणारी वधू

युद्धवधूंवर लेख द्या, असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा माझ्या टेबलावर अशाच एका वधूची कागदपत्रं पडली होती. मिशिगनमधल्या ट्रॉय शहरात मी इमिग्रेशनची वकिली करते. प्रकरण नातीने आणलं आहे. आजी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली अँग्लो-इंडियन. नवरा अमेरिकन सैनिक. मे 1946 मध्ये ती इथे उतरली. जन्मभर तिने स्वतःला पोर्तुगीज म्हणवलं. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर मात्र तिच्या आईचं नाव चक्क मराठी आहे. आजी खोटं बोलली का, असं नात विचारते.

युद्धवधू म्हटलं की लोकांना 4 फेब्रुवारी 1946ला ‘अर्जेंटिना’ बोटीतून न्यूयॉर्कला उतरलेल्या, बाळं कडेवर घेतलेल्या इंग्लिश मुली आठवतात. आमच्या व्यवसायातली माणसंसुद्धा सांगतात की 28 डिसेंबर 1945च्या वॉर ब्राइड्स अ‍ॅक्टने सैनिकांच्या सगळ्या बायकांना दार उघडलं. हे साफ चूक आहे, आणि मी ते दर वेळी खोडून काढते. त्या कायद्याने कोटा, कागदपत्रं आणि आजारपणावरची बंदी माफ केली. बाकीच्या इमिग्रेशन कायद्यांत बाई बसली पाहिजे, ही अट तशीच ठेवली. 1924चा कायदा म्हणत होता की ज्याला नागरिकत्व मिळू शकत नाही, त्याला कायमचं राहायला येता येणार नाही. आणि भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिकत्वाला अपात्र, हे सुप्रीम कोर्टाने 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरवलेलं होतं. हे थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होते! नवरा नागरिक असला म्हणून ही बंदी सुटत नाही, हे 1925 मध्ये चिनी बायकांच्या खटल्यात ठरलं. राहिला मिश्र रक्ताचा प्रश्न. 1934च्या एका निकालात त्याच कोर्टाने सांगितलं की अर्धं रक्त गोरं असून भागत नाही.

आता तारखा बघा. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला 100 जणांचा कोटा देणारा लूस-सेलर कायदा 2 जुलै 1946चा. ही मुलगी मे महिन्यात आली. मराठी आई सांगितली असती तर जेमतेम दोन महिन्यांच्या फरकाने तिला परत पाठवता आलं असतं. तिच्या वडिलांकडे कोणी पोर्तुगीज पूर्वज असेलही; ती शक्यता मी सोडलेली नाही. पण म्हणून खोटेपणाचा ठपका आजीवर ठेवायला मी तयार नाही. बायकोला आई आणि नवरा यांतलं एक निवडायला लावणारा कायदा ज्यांनी केला, त्यांना कोणी खोटं म्हणत नाही.

22 जुलै 1947ला सैनिकांच्या बायकांपुरती वंशाची अट गेली, तीही त्यानंतरचे तीस दिवस संपायच्या आधी झालेल्या लग्नांपुरती. मग तरी तिने खरं का सांगितलं नाही? नातीचा हा पुढचा प्रश्न. खोट्या माहितीवर मिळवलेलं नागरिकत्व रद्द होऊ शकतं. पदरात मुलं असताना ते कोणती आई स्वतःहून उकरून काढील?