आकडा लावणारा आणि लिहिणारा

२०२५ च्या उन्हाळ्यात अक्काच्या आग्रहावरून आम्ही उज्जैनला गेलो. महाकालाचे दर्शन झाले आणि संध्याकाळी क्षिप्रेच्या रामघाटावर बसलो. शेजारी भाचा. निपाणीतली नोकरी सोडून मोबाईलवर रमी खेळून पोट भरायचे, असे त्याने नुकतेच घरात जाहीर केले होते.

"मामा, महिन्याला पंधरा हजार सुटतात की!"

"हरलेले वजा करून?"

तो गप्प.

मला आमचे थोरले काका आठवले. मुंबईत आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या-मिटत्या भावांवर सट्टा चाले. पुढे साठच्या दशकात कल्याणजी भगत, रतन खत्री यांनी मटका रुजवला. 'ओपन-क्लोज' हे शब्द राहिले. आपल्या कर्नाटकाच्या बाजूला त्यालाच ओसी म्हणतात. काका ओसीच्या चिठ्ठ्या लिहीत. आकडे दहा, आणि लागला तर रुपयाला नऊ. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा जाऊन नऊच परत येतात, हे त्यांनीच मला लहानपणी पाटीवर मांडून दाखवले होते. लिहिण्याच्या कमिशनवर त्यांनी घर चालवले, धाकट्या आत्याचे लग्न लावले. मग कुठे काय फिरले कोण जाणे, स्वतःच लावू लागले. तंबाखूची दोन एकर गेली. घरात अजूनही कुणी त्या शेताचे नाव काढत नाही.

भाच्याला हे माहीत होते. म्हणून त्याला याच गावातली जुनी गोष्ट सांगितली. कर्नाडांनी १९८४ साली 'उत्सव' काढला, तो ज्या नाटकांवरून घेतला त्यांतले एक म्हणजे शूद्रकाचे 'मृच्छकटिक'. ते या उज्जयिनीतच घडते. त्यात अंग चेपून देणारा एक संवाहक आहे. मालक चारुदत्त गरीब झाला, म्हणून हा जुगारावर जगू लागला. दहा सुवर्णमुद्रा हरला आणि पळाला. उलट्या पावलांनी ओस देवळात शिरून मूर्तीसारखा उभा राहिला. पाठलाग करणारे तिथेच खेळायला बसले. फासे वाजले आणि याला राहवेना! देव बाहेर आला नि पकडला गेला. शेवटी वसंतसेनेने आपले कंकण पाठवून त्याचे देणे फेडले. दर्दुरक नावाचा दुसरा जुगारी द्यूताची थोरवी सांगतो, पण त्याचे उपरणे फाटके. धंदा चालतो तो अड्डेवाल्या माथुराचा.

"म्हणजे काका लिहीत होते तोवर माथुर होते," भाचा म्हणाला.

परतीच्या गाडीत अक्का झोपल्यावर त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. वर्षभरात एक लाख बारा हजार भरले होते, एकाहत्तर हजार परत आले होते.

ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तो नोकरीत टिकून आहे. आकडा मात्र अक्काला अजून सांगितलेला नाही. "मामा, तुम्हीच सांगा," असे तो दर रविवारी फोनवर म्हणतो.