शेवटचा मका

4 मार्च 2025, मंगळवार
गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले. जिना उतरायला अजून परवानगी नाही. भाचीने मागच्याच आठवड्यात मोबाइलवर ‘हे डे’ हा शेतीचा खेळ टाकून दिला होता, "मामा, वेळ जाईल" म्हणून. वेळ जातोय खरा, पण कोंबड्यांच्या मागे. सहा कोंबड्या, दर वीस मिनिटांनी अंडं, आणि अंडं काढलं की पुढचं खाद्य हजर पाहिजे. दोन गहू आणि एक मका गिरणीत टाकला की पाच मिनिटांत खाद्याच्या तीन पिशव्या मिळतात. म्हणजे सहा कोंबड्यांना तासाला अठरा पिशव्या. बँकेत तीस वर्षं आकडेमोड केली, तिचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

5 मार्च, बुधवार
पाच गाई झाल्या. त्यांना दोन सोयाबीन आणि एक मका, दूध तासाने. आई शेजारी लसूण सोलत बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, सांगोल्याकडची. चष्मा सारून तिने स्क्रीन बघितला.
"कडबा कुठाय?"
म्हटलं, कडबा नाही, या गाई सोयाबीन खातात.
"नुसतं धान्य? पोट फुगून मरंल की रं ती. रवंथ कशाचा करायची?"
हेलसिंकीत बसून ज्यांनी 2012 साली हा खेळ काढला, त्यांना हे विचारायला हवं होतं. रात्री उशिरापर्यंत आई वैरण, सरकी आणि आंबोणावर बोलत होती. मी गाईंना पिशव्या वाटत होतो.

8 मार्च, शनिवार
घोळ झाला आणि तो माझाच. डुकरं घ्यायला नाणी कमी पडत होती, म्हणून दूध वाढवायचं ठरवलं आणि सायलोतला, म्हणजे खेळातल्या कोठारातला, होता नव्हता तो मका गाईंच्या खाद्यात घातला. दहा मिनिटांनी पिशव्या मिळाल्या, गाई खूश. मग रान रिकामं दिसलं म्हणून मका पेरायला गेलो, तर मक्यापुढे शून्य. या खेळात बी विकत आणायचं नसतं. सायलोतला एक दाणा पेरायचा, दोन हाती येतात. मूळचा एकही उरला नाही तर पेरणार काय? कोंबड्यांना मका लागतो, गाईंनाही मका लागतो. खुराडं आणि गोठा दोन्ही मलूल. हिरे देऊन मका घेता येतो, पण होते नव्हते ते हिरे पहिल्याच दिवशी घाईघाईत उडवलेले.
आईला सांगितलं. तिने लसूण खाली ठेवला.
"बी खाल्लंस होय?"
एवढंच म्हणाली, पण अशा सुरात की जणू मी खरंच घरातली कणगी विकून आलोय. मग बहात्तरच्या दुष्काळाचं निघालं. वैरण नाही, म्हणून खिलारी जोडी बाजारात मिळेल त्या भावाला गेली. पण पेरायच्या ज्वारीचं गाडगं तिच्या सासूने कुणाला उघडू दिलं नव्हतं. ही गोष्ट मी पन्नास वेळा ऐकली आहे. आज पहिल्यांदा मधे बोललो नाही.

9 मार्च, रविवार
खेळातल्या वर्तमानपत्रात इतर खेळाडूंच्या जाहिराती येतात. पहाटे साडेपाचला एकाच्या दुकानात दहा मके दिसले, 72 नाण्यांना. पूर्ण भावाने घेतले. दहाही पेरले, पाच मिनिटांत वीस. वीसही पेरले. गिरणीकडे बघितलंच नाही. कोंबड्या आणखी तासभर उपाशी राहिल्या. मरत नाहीत म्हणा, या खेळात उपासमारीने काहीच मरत नाही. अंडी थांबतात, बस. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग कसली शेती?"

11 मार्च, मंगळवार
डुकरं आली. त्यांना दोन गाजरं, एक सोयाबीन; गिरणीत वीस मिनिटं. तेव्हा खरी अडचण कळली. कोंबड्यांचं खाद्य करायला तासातली तीस मिनिटं जातात, गाईंचं सतरा, डुकरांचं आठेक. गिरणी एकच. धान्य कितीही असो, तासाला साठच मिनिटं. पुढे मेंढ्या आल्यावर काय करणार? कोंबड्या निम्म्या वेळ उपाशी ठेवायचं ठरवलं. डुकरांना चार तास लागतात, त्यांना झोपण्यापूर्वी खाऊ घालायचं. अंडी विकून फार मिळतही नाही.

13 मार्च, गुरुवार, होळी
पुरणपोळीचा नैवेद्य झाल्यावर आईने विचारलं, "बी हाय का शिल्लक?"
दाखवलं. गहू बावीस, सोयाबीन चौदा, गाजर अकरा, मका सोळा. मक्यातले दहा पेरायचे. त्यांना हात लावत नाही.