बुजलेला खंदक

विहीणबाईंनी स्वतःचा लोकरी मफलर माझ्या कानांभोवती गुंडाळला, त्याचं टोक मानेशी नीट खोचलं आणि मग दाराची कडी काढली. पहाटेचे पावणेसहा वाजले होते. "फार लांब जाऊ नका," असं त्या बंगालीत म्हणाल्या. मला ते सरळ मराठीत ऐकू आलं.

नागपुरात जानेवारीच्या या वेळी मिट्ट काळोख असतो. सेमिनरी हिल्सच्या चढावर मी टॉर्च घेऊन धावते. इथे कोलकात्यात घड्याळ तेच, पण सूर्य अर्धा तास तरी आधी येतो, त्यामुळे आभाळाची पूर्वेकडची कड फिकट होऊ लागली होती. थंडी म्हणाल तर नागपूरच्या पहाटेपुढे लहानच, पण ओलसर. ती अंगावर बसते आणि उठत नाही. पहिली दहा मिनिटं गुडघे कुरकुरले, श्वास आखूड आला. मग लय सापडली आणि डोक्यात रात्रीची अंगाई पुन्हा सुरू झाली.

रात्री विहीणबाई नातवाला मांडीवर घेऊन थोपटत होत्या. आठ महिन्यांचं पोर, अर्धं त्यांचं, अर्धं माझं. सूर इतका मऊ की माझेच डोळे जड होत होते, आणि मध्येच एक शब्द कानाला टोचला. बर्गी. लेकीला विचारलं, तर ती क्षणभर थांबून म्हणाली, "आई, बर्गी म्हणजे आपणच." धान पाखरांनी फस्त केलं आणि शेतसाऱ्यासाठी घोडेस्वार दारात आले, अशी त्या अंगाईतली गोष्ट. बर्गी म्हणजे आपला बारगीर. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, तो स्वार.

माझं बालपण नागपूरच्या महालात, भोसल्यांच्या वाड्याच्या सावलीत गेलं. रघूजीराजांची फौज बंगालपर्यंत गेली, हे ऐकताना आमची छाती फुगायची. त्या फौजेचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना 1744 साली मानकरा या गावी बोलणीसाठी बोलावून नवाब अलिवर्दीखानानं दगा दिला, हे आजोबा सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज कापायचा. 1751 च्या तहात नवाबानं वर्षाला बारा लाखांची चौथाई कबूल केली, तिथे गोष्ट संपायची. वाटेतल्या गावांचं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. त्याच 1751 च्या सुमाराला गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं ते 'महाराष्ट्र पुराण' या काव्यात लिहून ठेवलं आहे. जळलेली घरं, पळणारी माणसं, बायकांवरचे अत्याचार. पराक्रम ज्या गावावरून जातो, त्या गावाचीही एक गोष्ट असते. ती मला साठीला टेकल्यावर एका अंगाईतून कळली.

आणि ज्या रस्त्यावर मी धावत होते, तो या गोष्टीतलाच. 1742 साली मराठे येणार या धास्तीनं कोलकात्याच्या रहिवाशांनी स्वतःच्या खर्चानं शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता. सहा महिन्यांत तीनेक मैल खणून झाला आणि काम थांबलं, कारण मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. पुढे 1799 च्या सुमाराला त्याचा बराचसा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला. त्यातल्या उत्तरेकडच्या रस्त्याला आज आचार्य प्रफुल्लचंद्रांचं नाव आहे. सियालदहहून उत्तरेला निघालं की तोच पायांखाली असतो.

राजाबाजारला चहाच्या भट्ट्या पेटल्या होत्या. धूर वर जात नव्हता, थंडीनं दाबल्यासारखा गुडघ्याएवढ्या उंचीवर तरंगत होता. फुटपाथवर पोरं वर्तमानपत्रांचे गठ्ठे लावत होती. एक म्हातारा रस्त्याकडेच्या नळाखाली अंघोळ करत होता आणि त्याच्या उघड्या पाठीवरून वाफा निघत होत्या. जगदीशचंद्रांचं विज्ञानमंदिर मागे पडलं. मानिकतल्याला मासळीच्या टोपल्यांतून पाणी निथळून रस्त्यावर ओघळ आले होते. तिथे पाऊल जपून टाकलं. माकडटोपी घातलेले आजोबा वाट देत बाजूला झाले. या मातीखाली कुणाची कुदळ, कुणाची भीती गाडली आहे? ज्यांनी खणलं त्यांच्या पणतवंडांच्या पणतवंडांनी मला वाट करून दिली, आणि मी हात जोडून पुढे गेले.

श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या नाक्यावर थांबले. मध्ये नेताजी आहेत, घोड्यावर बसलेले. नुकतीच 23 जानेवारी होऊन गेली होती. जयंतीचे झेंडूचे हार अजून होते, कडेनं सुकलेले. ज्या शहरानं कधीकाळी घोड्यांच्या टापांच्या धास्तीनं जमीन खणली, त्यानं आपल्या सर्वांत लाडक्या माणसाला घोड्यावर बसवलं आहे. मी त्या घोड्याच्या टापांकडे बराच वेळ बघत राहिले.

तिथून बागबाजार. इथे एका गल्लीला अजूनही मराठा डिच लेन म्हणतात. घाटावर पोचले तेव्हा गंगेवर धुकं होतं आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता. मातीच्या भांड्यातला चहा घेतला. ते भांडं दोन्ही तळव्यांत धरलं की बोटं जागी होतात. चहावाल्यानं गाव विचारलं. नागपूर, महाराष्ट्र, असं सांगताना घसा जरा अडखळला. तो म्हणाला, "मग आमची थंडी तुम्हाला काय लागणार!" आणि भांड्यात आणखी थोडा चहा ओतला.

अकराशे किलोमीटरांवरून तेव्हा आमचे लोक घोड्यांवर आले. मी आगगाडीनं आले, लेकीला आणि नातवाला भेटायला, आणि त्या खंदकावरून माझ्या दोन पायांनी, माझ्या श्वासावर धावले. याचं मोल मला तिथे, धुक्यात उभं असताना कळलं. झालेलं पुसता येत नाही, पण ऐकून घेता येतं. येताना नव्या गुळाचा, नोलेन गुरचा, संदेश घेऊन आले.

रात्री नातू झोपेना. विहीणबाईंनी त्याला माझ्या मांडीवर दिलं. दोन रात्री ऐकलेला सूर मी धरला, शब्द येतील तसे जुळवले. त्या शब्दापाशी आले आणि माझी जीभ सवयीनं 'बारगीर' म्हणून गेली. विहीणबाईंनी हातातली दुपटी तशीच ठेवून वर पाहिलं. मग त्या जवळ सरकल्या, बाळाच्या पायांवर हात ठेवला आणि पुढची ओळ मला हळूच सांगितली.