‘पायजे’तील अवशेष

प्राचीन इंग्रजीतील ‘हाट्टे’ म्हणजे ‘म्हटले जाते’. प्रत्ययसिद्ध कर्मणी प्रयोगाचा तिथे उरलेला हा एकुलता अवशेष. गॉथिकमधील रूपांशी तो ताडूनच अभ्यासक आद्य जर्मानिक क्रियापद पुन्हा उभे करतात.

पहिल्या वाक्यातले ‘म्हणजे’ तरी वेगळे काय आहे? प्राकृतातील ‘-इज्ज’चाच तो वारसा. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले, त्या काळच्या मराठीत ‘कीजे’, ‘बोलिजे’ ही रूपे चालती होती. आज ‘म्हणजे’, ‘पाहिजे’ अशी मोजकीच उरली आहेत.

अकोल्याच्या वर्गात विद्यार्थी ‘पायजे’ म्हणतो आणि ओशाळून मान खाली घालतो. त्याच्या बोलीत ‘ह’ गळाला. रिद्धपूरचा ‘जे’ मात्र शाबूत आहे. अशुद्ध म्हणून खोडण्यापूर्वी शिक्षकाने तो ऐकला पाहिजे.