वलनीचा उमेश आणि चव्वेचाळीस लाखांचा प्लॉट

इंदोऱ्याहून मानकापूर गाठावे आणि कोराडी मार्गाला लागावे. शहर मागे पडले याची पहिली खूण म्हणजे आकाशात धूर सोडणाऱ्या वीज केंद्राच्या चिमण्या. उन्हाळ्यात इकडे वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचा पातळ थर बसतो. इथल्या बायका सांगतात की पांढरे लुगडे या भागात दोन दिवस पांढरे राहत नाही. कोराडी मागे टाकले की खापरखेडा, तिथे दुसरे वीज केंद्र, आणि त्याच्याच अंगाला वलनी. ही वस्ती वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणीची. कामगारांचे क्वार्टर आणि काळी धूळ यांतच इथली पोरे वाढतात.

याच वलनीत उमेश यादव लहानाचा मोठा झाला. वडील उत्तर प्रदेशातून खाणीत कामाला आलेले. घरची परिस्थिती कामगाराच्या घरी असते तशीच. पोलीस शिपाई व्हावे म्हणून उमेशने प्रयत्न केला, ते जमले नाही. टेनिसच्या चेंडूने खेळणाऱ्या या पोराच्या हाती कातडी चेंडू उशिराच आला. २००८ मध्ये तो विदर्भाकडून रणजी खेळला, २०१० मध्ये भारताच्या एकदिवसीय संघात गेला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटीत उतरला. विदर्भ संघातून कसोटीपर्यंत पोहोचलेला तो पहिला खेळाडू. पुढे ५७ कसोटी सामन्यांत त्याने १७० बळी घेतले. २०१९ च्या जानेवारीत रणजीच्या उपांत्य सामन्यात केरळचे बारा गडी त्याने एकट्याने बाद केले, आणि त्या वर्षी विदर्भाने सलग दुसऱ्यांदा करंडक आणला.

नागपूरच्या कामगार वस्त्यांत त्याला ‘आपला उमेश’ म्हणतात. तो आपल्या समाजाचा नाही, आपल्या विहारात येत नाही, तरी आपला. ज्याच्या बापाने खाणीत घाम गाळला त्याच्याशी आपले नाते सांगावे लागत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियात बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हाही गाव असेच आनंदले. बुद्धिबळाचा पट अजून आपल्या सगळ्या घरांत पोहोचलेला नाही, एवढी खंत मात्र इथे नोंदवून ठेवतो.

पण आजचा विषय उमेशच्या बळींचा नाही. जानेवारी २०२३ मध्ये कोराडी पोलीस ठाण्यात त्याची तक्रार नोंदली गेली आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत ती छापून आली. तक्रारीतला मजकूर असा : भारतीय संघात निवड झाल्यावर उमेशने आपल्या एका मित्राला व्यवस्थापक नेमले. बँक, आयकर, पैशाचे सगळे व्यवहार त्याच मित्राच्या हाती होते. उमेशला नागपुरात जमीन घ्यायची होती. मित्राने प्लॉट पाहिला, चव्वेचाळीस लाखांत मिळतो म्हणाला. उमेशने रक्कम मित्राच्या खात्यात भरली. प्लॉट घेतला गेला, पण मित्राच्याच नावावर. नाव बदलून दे म्हटले तर नकार, आणि पैसेही परत नाहीत. आरोप खरा की खोटा हे ठरवणे न्यायालयाचे काम, आणि त्या मित्राचे नाव आपल्याला घेण्याचे कारण नाही. पण एक प्रश्न प्रत्येक घरात विचारला गेला पाहिजे. देशासाठी खेळणाऱ्या माणसावर, ज्याला वकील मिळतो आणि ज्याची तक्रार पेपरात येते, अशी पाळी येऊ शकते, तर आपल्या निवृत्त गँगमनचे काय? फंडाची रक्कम हातात आलेल्या आपल्या विधवा बहिणीचे काय?

तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला केलेला उपदेश आपल्या विहारांत सांगितला जातो. त्यात मित्राच्या रूपात वावरणारे चार शत्रू सांगितले आहेत : नेहमी घेतच राहणारा, नुसत्या शब्दांनी मदत करणारा, तोंडावर गोड बोलणारा आणि नाशाच्या वाटेवर सोबत करणारा. जमिनीच्या दलालीत हे चारही एकाच माणसात भेटतात, असा नागपूरचा अनुभव आहे! आणि धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हटले आहे. या आणि स्वतः पाहा. घराच्या बाबतीत आपण नेमके हेच करत नाही. साळा म्हणाला, मोहल्ल्यातला भाऊ म्हणाला, की झाला सौदा.

नागपुरात हा धोका जास्त का, तेही समजून घेतले पाहिजे. शहराच्या कडेची शेतजमीन घ्यायची, चुन्याच्या रेघा मारून ले-आउट पाडायचा आणि गृहनिर्माण संस्थेच्या पावतीवर गिरणीतल्या, रेल्वेतल्या माणसांना प्लॉट विकायचे, हा धंदा इथे वर्षानुवर्षे चालला. जमीन अकृषक झालेली नसायची. एकच प्लॉट दोघांना, तिघांना विकलेला असायचा. लोकांनी पोट मारून घरे बांधली आणि मग नोटिसा आल्या. अशी घरे नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा करावा लागला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवावी लागली. नागपूर सुधार प्रन्यास ले-आउट नियमित करून जे पत्र देते, त्याला इथे सगळे ‘आरएल’ म्हणतात. दलाल म्हणतो, ‘आरएल होऊन जाईल, बाप्पा, काळजी काहून करता?’ होऊन जाईल आणि झाले आहे, यांत कधी कधी वीस वर्षांचे अंतर असते.

तेव्हा आधी सातबारा आणि फेरफार पाहा, शहरात असेल तर आखीव पत्रिका पाहा. वकिलाकडून दुय्यम निबंधकाच्या दप्तरातली तीस वर्षांची शोधणी करून घ्या. प्लॉट बागेसाठी किंवा शाळेसाठी आरक्षित तर नाही ना, याचा झोन दाखला मागा. आपल्या विदर्भात सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद दिसली तर तिथेच थांबा. या जमिनी वनजमीनच आहेत असा निकाल २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि ते खंडपीठ तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांचे होते. नुसत्या मुखत्यारपत्रावर घर घेऊ नका. त्याने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे. फ्लॅट असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक तपासा. जमीन पाचशे चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठांपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीची सक्ती नाही. आपल्या वस्त्यांत नेमक्या अशाच लहान इमारती उठतात, म्हणून तिथे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

कागदावर न दिसणारेही पुष्कळ असते. कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा तलाव जुलै २०२२ मध्ये फुटला आणि राखेचे पाणी आसपासच्या गावांत, शेतांत शिरले. स्वस्त प्लॉट पाहायला या बाजूला येणाऱ्याने तो तलाव कुठे आहे आणि पाणी कोणीकडे उतरते, हे पायी फिरून पाहावे. विहिरीचे, बोअरचे पाणी तपासून घ्यावे. आणि हे गरिबाच्याच वस्तीत होते असे नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि चांगल्या सुखवस्तू घरांत छातीइतके पाणी भरले. पिवळ्या नदीकाठच्या आपल्या लोकांना हे नवे नाही. प्लॉट उन्हाळ्यात दाखवतात. तुम्ही श्रावणात पाहायला जा, आणि दलालाला सोबत नेऊ नका. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, गेल्या साली पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते.

राहिले नावाचे. पैसे ज्याचे, दस्त त्याच्याच नावाने, आणि रक्कम थेट विकणाऱ्याच्या खात्यात. मधल्या कोणाच्याही नाही, तो सख्खा भाऊ असला तरी. २०२१ पासून आपल्या राज्यात घर केवळ महिलेच्या नावाने घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. वीस लाखांच्या घराला वीस हजार रुपये वाचतात. वकिलाची शोधणी आणि सरकारी मोजणी तेवढ्यात बहुधा भागून जाते, आणि दारावरच्या पाटीला बाईचे नाव लागते ते वेगळेच.