बर्फाळ डोंगरातली बियांची तिजोरी

नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड बेटांवर हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही. गावाबाहेर पडावे, तर पांढऱ्या अस्वलांची भीती! इथल्याच एका डोंगरात नॉर्वे सरकारने २००८ साली बियांची तिजोरी उघडली. उणे १८ अंशांत जगभरच्या पिकांचे १३ लाखांहून अधिक नमुने इथे सुरक्षित आहेत. भाडे नाही, मालकीही ठेवणाऱ्याचीच. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेची ज्वारी-तूरही इथे आहे.

सीरियात युद्ध पेटले आणि अलेप्पोजवळची बीजपेढी दुरावली. तेव्हा तिच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये इथल्या पेट्या नेल्या, लेबनॉन-मोरोक्कोत बी पेरले आणि २०१७ मध्ये ताजे बियाणे परत आणून ठेवले. पेरणीपुरते बी राखेत घोळवून मडक्यात जपणारी आपली आजी तरी दुसरे काय करीत होती?