आमच्या वाट्याचा पाऊस

जून महिन्यात कॉलेजच्या फाटकातून दोघेजण बरोबरच आत येतात. एक नवा विद्यार्थी आणि दुसरा पाऊस. विद्यार्थ्याला गुणपत्रिका हवी, दाखला हवा, फीची पावती हवी. पावसाला काही म्हणता काही लागत नाही. तो सरळ वर्गात शिरतो आणि खिडकीजवळचा बाक अडवून बसतो! मग सर कितीही तळमळून शिकवोत, पत्र्यावर असा काही ताशा वाजू लागतो की मागच्या तीन बाकांपर्यंत त्यांचे फक्त हातवारे पोहोचतात. तास संपतो. एक सर जातात न जातात तोच दुसरी सर येते!

सातारच्या पावसाची ऐटच निराळी. मराठीच्या तासाला खिडकीतून दिसणारा अजिंक्यतारा इतिहासाच्या तासाला धुक्यात नाहीसा झालेला असतो. व्हरांड्यात ओल्या छत्र्यांची जत्रा भरते. कॅन्टीनमधला कांदाभज्यांचा वास जिना चढून ग्रंथालयापर्यंत येतो आणि वाचत बसलेल्यांचा निग्रह मोडतो. एका छत्रीत तिघी मावतात, हा शोधही पावसाळ्यातच लागतो. तिघीही भिजतात, ही गोष्ट वेगळी.

हे सारे मला मनापासून आवडते. पण पाऊस 'एन्जॉय' करायचा असतो, हे मला इथे आल्यावर कळले. मी माण तालुक्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. घरी पावसाबद्दल बोलणे रोजचेच. पण त्यासाठी शब्द कोणते? पाऊस 'झाला', पाऊस 'हुकला', पावसाने 'ओढ दिली', पावसाने 'दगा दिला'. 'पावसात मजा आली' असे वाक्य आमच्या ओसरीवर मी कधी ऐकले नाही. किती पाऊस झाला, हे सांगायला मिलिमीटरही लागत नाहीत. आबा रानात जातात, ढेकूळ उकरतात आणि परत येऊन म्हणतात, "वीतभर वल गेलीय." त्या दिवशी आईच्या हातची भाकरीसुद्धा जरा मोठी होते.

भूगोलाच्या पुस्तकात हे दोन शब्दांत सांगितले आहे, 'पर्जन्यछायेचा प्रदेश'. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. आमच्याकडे येते ती त्यांची सावली. म्हणून एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. दहास एक! सावली हा शब्द किती गार वाटतो. पण ढगाच्या या सावलीत माणसे होरपळतात.

हा धडा मी पुस्तकाआधी एस.टी.त बसून शिकले. जुलैमध्ये साताऱ्याहून म्हसवडच्या गाडीत बसावे. स्टँडवर काचा खाली ओढलेल्या, छतातून टिपटिप गळत असते. कोरेगावपर्यंत पाऊस सोबतीला असतो. वर्धनगडचा घाट मागे पडला की तो कुठेतरी न सांगता उतरून जातो. पुसेगावला माणसे काचा वर सरकवतात. दहिवडी येईपर्यंत अंगावरची ओढणी वाळलेली असते आणि रस्त्यावर धूळ उडत असते. तिकीट एकच, पण निघताना एका ऋतूत बसलेली मी दुसऱ्याच ऋतूत उतरते.

२०१९ चा उन्हाळा मला पक्का आठवतो. आदल्या वर्षी पाऊस हुकला होता. मी सातवीत होते. आमच्या भागात जनावरांच्या छावण्या पडल्या होत्या. दोन गाई आणि एक खोंड घेऊन आबा छावणीत राहायला गेले. मी सायकलवरून डबा पोचवायची. ओळीने बांधलेली जनावरे, वर फाटक्या साड्यांचे छप्पर, आणि प्रत्येक माणसाची मान पश्चिमेकडे वळलेली! एम.पी.एस.सी.च्या निकालाची वाट पाहणारी मुलेही इतक्या आशेने पाहत नसतील.

म्हणूनच पहिल्या वर्षी मैत्रिणी पावसात नाचल्या, तेव्हा मी व्हरांड्यातच उभी राहिले. मनात येई, जे आपल्या घरी कमी आहे, त्याची इथे अशी उधळण करायची? वसतिगृहातली माझी पाटणकडची मैत्रीणही माझ्या शेजारीच उभी होती. तिचे कारण उलटे. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या, माणसे गेली. तेव्हापासून रात्री पाऊस वाढला की ती उठून बसते आणि घरी फोन लावते. एकीला पाऊस येत नाही याची भीती, दुसरीला तो थांबत नाही याची. आणि समोर पावसात मनसोक्त नाचणाऱ्या बाकीच्या सगळ्या!

यंदा आमचा वर्ग ठोसेघरचा धबधबा पाहायला गेला. त्या दिवशी मात्र मी छत्री उघडलीच नाही. पाऊस आडवा लागत होता, धबधब्याचा आवाज ऐकू येत होता आणि धबधबा दिसत नव्हता. वारा धुके बाजूला सारी, तेवढ्या क्षणात सगळ्यांनी ओरडून घ्यायचे. पाटणची मैत्रीण सर्वांत मोठ्याने ओरडली. परतताना दात वाजत होते, पण इतके मोकळे मला कित्येक दिवसांत वाटले नव्हते.

संध्याकाळी घरी फोन केला. आबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "तिकडं पाऊस हाय का?"

"लई हाय आबा. मी आज पार भिजले."

आमच्याकडे त्या आठवड्यात थेंब नव्हता. बाजरी माना टाकत होती. आता आबा गप्प होणार, असे मला वाटले. पण ते हसले आणि म्हणाले, "भिज की मग. आमच्या वाट्याचं बी भिजून घे."

तेव्हा मला आठवले, लहानपणी हस्ताचा पाऊस विजांसह आमच्या रानावर कोसळायचा. आई हाक मारून दमायची, पण आबा गोठ्याच्या दारातून हलायचे नाहीत. अंगावर शिंतोडे घेत नुसते उभे असायचे. तेव्हा ते पीक मोजत असतील, असे मी समजत होते. आता वाटते, काही वेळ ते काहीच मोजत नसावेत. मजा त्यांनाही येत होती. ती बोलून दाखवायची रीत तेवढी आमच्या घरी नव्हती.

मित्रमैत्रिणींनो, सज्जनगडाच्या बाजूने ठोसेघरला जाताना खाली उरमोडी धरणाचा जलाशय दिसतो. आपण सगळे तिथे थांबून फोटो काढतो. आपल्याला भिजवून ओघळलेले त्या डोंगरांवरचे पाणी त्यात साठते, आणि त्यातलेच काही उपसा करून खटाव-माणच्या रानांकडे नेले जाते. आमच्या शिवारात ते अजून आलेले नाही. शेजारच्या गावच्या ओढ्यात आले, तेव्हा लोकांनी नारळ फोडला. तुम्ही पुन्हा त्या वळणावर थांबाल तेव्हा खुशाल भिजा, ओरडा, भजी खा. फक्त खालच्या त्या पाण्याकडे एकदा नजर टाका. त्याला अजून बरेच लांब जायचे आहे.